मधली रेघ

अकराच्या चहाला पाच मिनिटं कमी असताना संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्यावर पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, "हा चौदा नंबर इथे काय करतोय?" पडद्यावर ठिपकेच ठिपके होते. डावीकडे खाली निळ्यांचा घोळका, ते निरोगी. उजवीकडे वर लालांचा, ते यकृतात चरबी साठलेले. निळे निळ्यांत, लाल लालांत, सगळं कसं शिस्तीत. आणि लालांच्या ऐन मध्यात एक निळा ठिपका, पत्ता चुकून भलत्याच घरी जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखा. "कुणीतरी थाप मारलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फॉर्मवर लिहिलंय, आजार नाही, दारू नाही, आधीचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. आणि इथे बघा, उपाशीपोटीचं इन्शुलिन दुप्पट, लेप्टिन वर, ॲडिपोनेक्टिन तळाला. हा कसला निरोगी? काढून टाकू या. बाकीच्यांची सरासरी नासवतोय." शेजारी उभ्या असलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईने मान हलवली, "चहा आणते" म्हणाली आणि खोलीबाहेर पडली. नळ्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या होत्या. चौदा नंबरची नळी तिच्या स्वतःच्या रक्ताची होती.

चहाच्या खोलीत कुणी नव्हतं. तिने दोन कपांत चहा ओतला, सवयीने आपल्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि मग चमचा तसाच हातात धरून उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो आजाराचा नव्हता, 'थाप' या शब्दाचा होता. आयुष्यात तिने थापा मारल्या होत्या, नाही असं नाही. घरमालकाला मारल्या होत्या, लग्नाचं विचारणाऱ्या बायकांना तर रोज नवी मारली होती. पण रक्ताच्या बाबतीत तिच्या तोंडून खोटा आकडा कधी गेला नव्हता. चौतीस वर्षं ती या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती, आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं या प्रयोगशाळेचं नॉर्मल म्हणजे तीच होती. ही काही बढाई नव्हती. ते तिचं कामच होतं, आणि तिचं टोपणनावही. मोठे सर तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायचेच नाहीत. "नॉर्मल, जरा इकडे ये," असं ते काचेच्या दारातून म्हणायचे आणि नवीन आलेला एखादा डॉक्टर दचकून वर बघायचा.

बाविसाव्या वर्षी ती इथे लागली तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. गरम पाण्याच्या टाकीची वाफ, गॅसच्या शेगडीचा निळा आवाज, काचेच्या नळ्या धुऊन पालथ्या घातलेल्या, आणि खिडकीतून येणारं तिरपं ऊन. सगळं हाताने आणि तोंडाने चालायचं. तोंडाने म्हणजे खरोखर तोंडाने: काचेच्या बारीक नळीने रक्तातलं पिवळं पाणी जिभेच्या अंदाजाने वर ओढायचं आणि खुणेवर थांबवायचं. जरा चुकलं की खारट चव. आता नव्या मुलींना हे सांगितलं की त्या तोंड वाकडं करतात. तिला मात्र ते दिवस आठवले की आधी ती चवच आठवते, मग सरांचा चेहरा. यकृत दुखावलं की त्याच्या पेशींतून एक द्रव्य रक्तात झिरपतं, त्याची तपासणी ती करायची. शेवटी नळीत तपकिरी रंग उतरायचा, जितका गडद तितकं यकृत जास्त दुखावलेलं. फिकट तपकिरी म्हणजे बरं. संध्याकाळी त्या नळ्यांची रांग उन्हात धरली की तिला कामाचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं, आणि अजूनही, यंत्राच्या पोटात सगळं आपोआप होत असताना, ती रांग बघायला मिळत नाही याची तिला चुटपुट लागते.

सर म्हणजे काडीसारखा माणूस, कानावर पेन्सिल, आणि जगावर कायमचे रुसलेले. परदेशातून यायच्या त्या मापाच्या बाटल्या, म्हणजे रोजच्या तपासणीशेजारी लावायचं ओळखीचं रक्त, त्या वाटेतच नासून यायच्या. आणि पुस्तकांत छापलेल्या मर्यादांवर तर सरांचा काडीइतका विश्वास नव्हता. "पुस्तकातलं नॉर्मल कुणाचं, तर पुस्तक लिहिणाऱ्याच्या शेजाऱ्याचं," ते म्हणायचे. "आपल्याला आपलं माणूस पाहिजे." एका सोमवारी त्यांनी नोकरवर्गातल्या बारा जणांचं रक्त घेतलं. आठवडाभर तपासलं. शनिवारी सगळ्यांना उभं केलं आणि आलेखाच्या कागदावरची पेन्सिल तिच्याकडे वळवली. "ही. ही आपली मधली. हिचं काहीच वर नाही, काहीच खाली नाही." सगळे हसले. तीही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. घरी अक्का कर्ती, भाऊ हुशार, आणि ती नुसती ठीक. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ठीक, रंगरूपाने ठीक, बघायला आलेले लोकही "मुलगी तशी ठीक आहे" असं म्हणून जे जायचे ते जायचेच. ठीक असण्याचा कुणाला उपयोग होतो हे तिला त्या शनिवारी पहिल्यांदा कळलं. त्या दिवसापासून महिन्यातून एकदा ती बाही वर करायची, सर स्वतः रक्त काढायचे, त्यातलं पाणी बारीक कुप्यांत भरून गोठवलं जायचं, आणि रोज सकाळी शहरातल्या आजाऱ्यांच्या शेजारी तिची एक कुपी लागायची. तिचा आकडा आला की सर आलेखावर एक टिंब द्यायचे. टिंब मधल्या रेघेच्या आसपास पडलं की म्हणायचे, "चला, आज जग जागेवर आहे." तिला ते वाक्य ऐकायला आवडायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिला वाटायचं, आपण नाही तर काय, आपली कुपी तरी कामावर आहे.

चहा नेऊन दिला तेव्हा डॉक्टरीणबाई दुसऱ्याच आलेखात गुंतल्या होत्या. ती आपल्या बाकावर येऊन बसली. यंत्र घुमत होतं, नळ्यांची चकती एकेक घर पुढे सरकत होती. या अभ्यासातली ती दोन संप्रेरकं तिला पहिल्यापासून आवडली होती. एवढी वर्षं साखर, चरबी, पित्त यांत काढल्यावर ही पात्रं नवीन होती. दोन्ही चरबीच्या पेशींतूनच निघतात. ॲडिपोनेक्टिन यकृताची पाठराखण करतं. चरबी फार साठली की तेच कमी होत जातं, म्हणजे गरजेच्या वेळी पाठीराखाच गायब. आणि लेप्टिन मेंदूला सांगत राहतं, पोट भरलंय, आता पुरे. यकृतात चरबी साठलेल्यांत ते कमी असेल असं तिला वाटलं होतं. पण ते जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "ते ओरडून ओरडून सांगतं हो, पण ऐकणारं कुणी उरलेलं नसतं." तेव्हा तिला अक्का आठवली होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, उभ्याउभ्या, सगळ्यांच्या ताटांतलं उरलेलं संपवणारी. आई गेली तेव्हा अक्का सतरा वर्षांची होती आणि ही सहा. त्या दिवसापासून अक्का पानावर बसून जेवलेलीच तिला आठवत नाही. भावाने टाकलेल्या पावाच्या कडा, वडिलांच्या ताटातला भात, भांड्याच्या तळाची साय. "तू जेवलीस का, अक्का?" असं विचारलं की अक्का म्हणायची, "मी काय, चालताबोलता जेवते." आणि मग हिच्या दुधात तिसरा चमचा साखर. हिने नको म्हटलं तरी. साखरेचा आवाज, चमच्याचा पितळी किणकिणाट, आणि अक्काच्या हाताला येणारा साबणाचा वास. आईचा वास कसा होता ते तिला आठवत नाही. अक्काचा आठवतो.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता मागच्या खोलीत गेली. सर निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, जाऊन तीन. नवं यंत्र आलं तशा त्याच्याबरोबर मापाच्या चांगल्या बाटल्याही आल्या, आणि तिची बाही वर करायचं थांबलं. त्या दिवशी ती घरी जाऊन उगाचच रडली होती. यकृताच्या तपासणीच्या आलेखांच्या फायली मात्र तिने फेकू दिल्या नव्हत्या. वर्षाची एक, अशा अठ्ठावीस. आज तिला फक्त एवढंच बघायचं होतं की ती कधीपासून आजारी आहे. गेल्या वर्षापासून असेल. पन्नाशीनंतर बायकांचं बदलतंच. तिने शेवटची फाईल काढली: मधली रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना टिंबं, कुठेही उडी नाही. आधीची काढली. तसंच. त्याच्याही आधीची. तसंच. दहा वर्षं मागे गेली, वीस वर्षं मागे गेली, प्रत्येक कागदावर तीच मधोमध रेघ आणि तीच आज्ञाधारक टिंबं. तिच्या जिवात जीव आला. मग काहीतरी टोचलं म्हणून तिने पहिलं आणि शेवटचं पान शेजारी शेजारी जमिनीवर ठेवलं आणि खाली बसली. कागद सारखे होते. रेघ सारखी होती. डाव्या कडेला सरांच्या बारीक अक्षरांतला आकडा तेवढा वेगळा होता. पहिल्या पानावर मधल्या रेघेपाशी सोळा लिहिलं होतं. शेवटच्या पानावर एकेचाळीस.

कसं झालं ते तिला लगेच कळलं, कारण ते तिच्या डोळ्यांदेखत, दर वर्षी, तिच्याच मदतीने झालं होतं. वर्ष संपलं की सर आकडेमोड करायचे: गेल्या वर्षाच्या तिच्या टिंबांची सरासरी काढायची आणि नव्या कागदाच्या बरोबर मध्यावर ती रेघ म्हणून आखायची. प्रयोगशाळेतला तो एक सोहळाच होता. ती पट्टी धरायची, सर रेघ ओढायचे. सोळाची सतरा झाली, सतराची एकोणीस. मग औषध बदललं म्हणून बावीस, यंत्र बदललं म्हणून सव्वीस. कारण दर वेळी हाताशी होतं. ती चढत होती आणि तिच्याबरोबर रेघ चढत होती, त्यामुळे ती रेघेवरच होती. आणि दर पाच वर्षांनी सर नोकरवर्गाचं रक्त पुन्हा तपासून रिपोर्टावर छापायची वरची मर्यादा ठरवायचे. तेच बारा जण, पाच पाच वर्षांनी जास्त बसलेले, जास्त सुटलेले. तीसची मर्यादा चौतीस झाली, मग अडतीस, असं करत करत पंचेचाळीस. पंचेचाळीस अजूनही छापत होते. अठ्ठावीस वर्षं साऱ्या शहराच्या यकृतांची मापं काढली आणि फुटपट्टीच ताणली जात होती. काखेत कळसा, दुसरं काय. तिला हसू यायला हवं होतं, सरांनी हे ऐकलं असतं तर पेन्सिल फेकून दिली असती आणि मग आठवडाभर कुणाशी बोलले नसते. सरांवर तिला रागावता येईना. त्या माणसाने तिला जगाच्या मध्यावर नेऊन बसवलं होतं. तसं तिच्यासाठी दुसऱ्या कुणी केलं नव्हतं.

आणि मग, जमिनीवर बसल्या बसल्या, दोन्ही हात कागदांवर असताना, तिला अक्काचा रिपोर्ट आठवला.

आठ वर्षांपूर्वी अक्का आली होती. उजव्या कुशीत जड वाटतं, दुपारी झोप आवरत नाही, जिना चढला की थकायला होतं. कुठल्याशा डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली होती. "आधी तू बघ," अक्का म्हणाली. "तू सांगशील तसं." याच प्रयोगशाळेत, याच बाकाशेजारी, हिने अक्काच्या हातातून रक्त घेतलं. अक्काची शीर मोठी सुरेख, पहिल्या फटक्यात सापडणारी. तपासणी कुणाकडे न देता स्वतः केली, शेजारी आपली कुपी लावली. अक्काचा आकडा आला त्रेचाळीस. मर्यादा पंचेचाळीस. हिचा स्वतःचा त्या दिवशी चाळीस. दोन बहिणी, तीन आकड्यांचा फरक. तिला केवढा आनंद झाला होता ते तिला आज जसंच्या तसं आठवलं. रिपोर्ट हातात नाचवत ती बाहेर आली आणि म्हणाली, "अक्का, तू अगदी माझ्यासारखी आहेस. ठणठणीत." अक्का हसली. "मग मी तुझ्यावर गेले का तू माझ्यावर?" सोनोग्राफीची चिठ्ठी अक्काने पर्समध्ये चुरगाळून टाकली. नंतर कुणी तपासण्या कर म्हटलं की अक्का म्हणायची, "माझ्या बहिणीने सांगितलंय. ती काय कुणी साधीसुधी आहे का, अख्ख्या रुग्णालयाचं माप आहे ती." अक्काच्या मुलाने सांगितलं, शेजारणीने सांगितलं, अक्काने कुणाचं ऐकलं नाही. तीस ही सरांची पहिली मर्यादा राहिली असती तर त्रेचाळीसच्या शेजारी तेव्हाच लाल खूण झाली असती. दोघींच्याही.

तिने कागद गोळा केले, पण क्रम लागेना. तिला अक्काचे तळहात दिसायला लागले. गेल्या काही महिन्यांत ते लाल झाले होते, आणि हिने म्हटलं होतं, "भांडी घासायचा साबण बदल." चपला घट्ट होतात म्हणून अक्काने एक माप मोठ्या घेतल्या होत्या, तेव्हा ही बरोबरच होती दुकानात, हिनेच रंग पसंत केला होता. मनगटं बारीक झाली होती आणि पोट तेवढं पुढे. "आपल्या घराण्याचं पोट," अक्का म्हणायची, "वडिलांचं मला, माझं तुला." दुसऱ्या कुणाची बहीण असती तर हिने दारातूनच ओळखलं असतं. चौतीस वर्षांत असे तळहात काय थोडे बघितले होते? पण अक्काकडे बघताना ती तपासणारी नसायचीच. सहा वर्षांची व्हायची आणि वाट बघायची, दुधात साखर कधी पडते याची.

चार वाजता ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. "चौदा नंबर मी आहे," ती म्हणाली. "थाप नाही मारली. मला माहीत नव्हतं." डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या तिच्यापेक्षा निम्म्या वयाच्या होत्या. "अहो मॅडम, मी सकाळी काहीतरीच बोलले," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ तिचे आकडे पुन्हा वाचत राहिल्या. तिने सरांचे कागद पुढे ठेवले, रेघ कशी सरकली ते सांगितलं, रिपोर्टावरची पंचेचाळीसची मर्यादा उद्याच्या उद्या बदलावी लागेल असं बजावलं. एकदा बोलायला लागल्यावर ते सोपं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तिच्या मनात आलं. अभ्यासासाठी निरोगी बायका पाहिजेत म्हटल्यावर सगळ्यांत आधी बाही हिनेच वर केली होती. "तुमचं अजून मागे फिरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसती चरबी असली की ती उतरते. वजन, साखर, चालणं. यकृताचा कडकपणा मोजून घेऊ उद्याच. एकदा यकृत निबर झालं की मग मात्र..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि विचारलं, "घरात कुणाला आहे का? हे घराण्यात चालतं पुष्कळदा." ती उठली. पिशवीत एक सुई, दोन नळ्या, कापूस आणि बांधायचा रबरी पट्टा टाकला आणि अर्धा तास लवकर निघाली.

अक्काचं घर तीन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चढताना तिने वाक्यं जुळवली आणि मोडली. अक्काला बरं नाही हे सांगणं एक. ते आठ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं आणि आपल्यामुळे कळलं नाही, हे सांगणं दुसरं. पहिलं सांगून दुसरं गिळता आलं असतं. "नवीन तपासणी निघालीय, सगळ्यांची करतोय," एवढं म्हटलं असतं तर अक्काने हसत हात पुढे केला असता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला तो मोह होता. दार उघडंच होतं. अक्का खिडकीशी बसून बटाटे सोलत होती, पाय एका स्टुलावर. संध्याकाळच्या उजेडात तिचे डोळे जरा पिवळट दिसले, का तो उजेडच तसा होता. "आज लवकर?" अक्का म्हणाली. "चहा ठेवते."

"बस अक्का. आधी मला बोलू दे."

"काय झालं? नोकरीचं काही?"

"मी तुला चुकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. बाकीची जुळवलेली वाक्यं कुठे गेली कुणास ठाऊक. "आठ वर्षांपूर्वी. तुझा रिपोर्ट. तो चांगला नव्हता. मी माझ्याशी ताडून बघितला आणि चांगला म्हटलं. माझी चूक झाली. तुझं यकृत तेव्हाच दुखावलेलं होतं, अक्का, आणि मी तुला घरी पाठवलं."

अक्काने सुरी बाजूला ठेवली. हात पुसले. तिला धक्का बसेल, ती चिडेल, निदान विचारेल की म्हणजे काय, अशी हिची तयारी होती. अक्का नुसती तिच्याकडे बघत राहिली, ताप आलेल्या पोराकडे बघावं तशी. "तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. "पोराने?"

"कुठल्या पोराने? काय सांगितलं?"

"म्हणजे त्याने नाही सांगितलं." अक्का खिडकीबाहेर बघायला लागली. "दोन वर्षं झाली. मी त्याच्याकडे राहायला गेले होते ना, तेव्हा एकदा चक्कर आली म्हणून त्याने नेलं दवाखान्यात. त्यांनी यंत्र लावलं कुशीला. म्हणाले, निबर झालंय. मी त्याला शपथ घातली, मावशीला कळता कामा नये."

"का?"

"का काय. तुला वाईट वाटलं असतं." अक्का हे अगदी सहज म्हणाली. "एवढी वर्षं तू त्या मापाच्या जिवावर ताठ मानेने हिंडलीस. लग्न नाही, पोर नाही, तुझं म्हणून तेवढंच तर होतं. मी आजारी निघाले तर तू चुकलीस असं झालं असतं. म्हटलं, जाऊ दे. होईल तेवढे दिवस. अळीमिळी गुपचिळी."

"औषध घेतेस?"

"घेते. कधी घेते, कधी राहतं. तू आलीस की डबा आत ठेवते." अक्काने थोडं हसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तळहात गरम होता. "मी काय, सदुसष्टची झाले. माझं झालं ते झालं. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तू ठीक आहेस ना, मग बास."

त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. अक्काच्या चेहऱ्यावर जे होतं ते तसंच राहिलं असतं. दोन वर्षं एकटीने ओझं वाहून ते शेवटी खाली ठेवणाऱ्या माणसाची शांतता. हिने ती बघितली, आणि तिला कळलं की ही शांतताही आता आपणच मोडायची आहे. कारण एकीने दुसरीला बरं वाटावं म्हणून खोटं वागायचं, आणि दुसरीने पहिलीसाठी, असं करत करतच दोघी इथवर आल्या होत्या.

"अक्का," ती म्हणाली, "मलाही तेच आहे. आज कळलं. अजून निबर झालेलं नसेल, पण तेच आहे. आपलं एकच रक्त."

अक्काचा हात गुडघ्यावर होता तो तिथेच थांबला. स्वतःचं सांगताना जी बाई बटाट्याच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलली होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग हिच्या देखत उतरला. हिने आयुष्यात अक्काला रडताना दोनदा पाहिलं होतं, आई गेली तेव्हा आणि भावजी गेले तेव्हा. आता अक्का रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते, ती कसला तरी हिशोब करत होती. दोन वर्षांपूर्वी आपण बोललो असतो तर. तर ही धावत आली असती. तर हिने स्वतःचंही तपासलं असतं, त्याच दिवशी, त्याच बाकावर. हिशोब पुरा झाला तसा अक्काने तिचा हात घट्ट धरला, नखं रुतली.

"मग मी दोन वर्षं कुणासाठी गप्प बसले गं?" अक्काने विचारलं.

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने अक्काचा हात सोडवला नाही. मग ती उठली, ओट्यापाशी गेली आणि एका ताटात भात वाढला, शेजारी थोडी भाजी. ते ताट तिने अक्कासमोर टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि अक्काला दंडाला धरून तिच्यावर बसवलं. मग स्वतःसाठी दुसरं ताट घेऊन समोर बसली.

"हळूहळू खा," ती म्हणाली. "आणि बसून खा. उद्या सकाळी उपाशीपोटी दोघींना जायचंय."